धर्माच्या गाईचे दात

‘धर्माची गाय आणि दात का नाय?’ असं म्हणून आमच्याकडे फुकटच्या वस्तूत खोट काढणाऱ्याचं तोंड बंद करतात. माझं तोंड काही बंद झालं नाही. फुकट मिळणारी कॉमिक्स हुडकायची, वाचायची, दुकानात येणाऱ्या पोरांच्या हाती द्यायची आणि कोणतं बरं, कोणतं बंडल, हे लिहून ठेवायचं, हा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून पैसा सुटला नाही, टोनर मात्र पुष्कळ गेला. तरी माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत गेलं की, विकतच्यापेक्षा फुकटच्या पुस्तकाचे दात जास्त बारकाईनं मोजावेत. विकतचं पुस्तक वाईट निघालं तर माणूस निदान पैशाच्या नावानं बोंबलतो. फुकटचं वाईट निघालं तर कोणी चकार शब्द काढत नाही. नऊ वर्षांचं पोरगं ते मुकाट्यानं खाली ठेवतं आणि पुढच्या खेपेला पुस्तकाकडे बघतही नाही.

माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात आहे. मालेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाची मान आपोआप नाशिककडे वळते. आमचं ते मालेगाव जहांगीर. मागवलेलं पुस्तकांचं एक पार्सल नाशिकच्या मालेगावी जाऊन, तिथला पाहुणचार घेऊन, माझं तोंड न पाहताच माघारी गेलं होतं. तेव्हापासून मी कागदी कॉमिक मागवण्याच्या फंदात फारसा पडत नाही. जे उतरवून घेता येईल, छापता येईल, तेच बघतो.

दुकानात एक लाकडी बाकडं आहे. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, त्यानंतर पीकविम्याची. आईबाप सातबारा, पासबुक, आधार घेऊन रांगेत उभे राहतात आणि सोबतची पोरं बाकड्यावर बसून एकमेकांना चिमटे काढतात. त्या बाकड्यापायीच हे सगळं सुरू झालं. वाचनसंस्कृती वगैरे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते, पोरांनी मशीनच्या बटणांना हात लावू नये एवढाच हेतू होता.

मी स्वतः कॉमिक्स वाचली ती भाड्यानं. तेव्हा आमचा तालुका अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. आमच्या सायकलवाल्याकडे सायकल तासावर मिळे आणि इंद्रजाल कॉमिक दिवसावर. टाइम्स समूहानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन मराठीत बोलले. वेताळाचा मुलूख मूळ कथेत ‘बंगाला’. इथल्या वाचकाला तो आपला बंगाल वाटू नये म्हणून इंद्रजालनं त्याचं ‘डेंकाली’ करून टाकलं. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. डाकूचा मुलगा, आणि लढतो डाकूंशीच. आम्हाला तो वेताळापेक्षा जवळचा वाटायचा, कारण त्याच्या गावाला धूळ होती. पुढे हिंदी राज कॉमिक्सचा नागराज आला. वऱ्हाडातल्या पोराला हिंदीची अडचण कधीच नव्हती. हा नागराज सुरुवातीला पुण्याच्या प्रताप मुळीकांनी चितारला होता, हे मला फार उशिरा कळलं. अमर चित्रकथेतली त्यांची चित्रं आणि नागराजचे स्नायू शेजारी ठेवून पाहिले तेव्हा हात ओळखू आला.

ही आठवण सांगण्याचं कारण एवढंच की, आवडीचा माणूस समीक्षक म्हणून भरवशाचा नसतो. वेताळाचं एखादं पान दिसलं की माझी अक्कल दहा वर्षांची होते. बाकड्यावरच्या पोरांना त्या आठवणींशी काही देणंघेणं नाही. एका पोरानं वेताळाकडे बघून विचारलं, ‘‘हा मानूस चड्डी वरतून काहून घालते?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शोध सुरू केला तेव्हा डोक्यात वेताळच होता. जुन्या इंद्रजालचे स्कॅन लोक एकमेकांना देतात, हे कॉमिक्सवेड्यांच्या जगात उघड गुपित आहे. एक गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असा सगळा खजिना. मी ते वाचले. खोटं कशाला बोलू? पण छापून बाकड्यावर ठेवले नाहीत. प्रकाशन बंद पडलं म्हणून हक्क संपत नाहीत, आणि दुकानदार असल्यामुळे मला हे जरा जास्तच कळतं. पाठ्यपुस्तकाबाहेरची गाइडं अख्खीच्या अख्खी झेरॉक्स करून मागणारी गिऱ्हाइकं मी रोज परत पाठवतो. मग वेताळासाठी नियम बदलायचा कसा? त्या गृहस्थांना ते पटलं नाही. ‘‘असं करत बसाल तर पोरांना वाचायला राहील काय?’’ असं म्हणाले. प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले.

उत्तराचा पहिला तुकडा कायद्यात सापडला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. आधी ५० च होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत भरत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीनं त्यात दहा घातली. अमेरिकेत वेगळंच प्रकरण. तिथे १९६४ च्या आधी छापलेल्या पुस्तकाचा हक्क २८ व्या वर्षी नव्यानं नोंदवावा लागे. १९४०-५० च्या दशकांत धडाधड निघालेल्या कॉमिक कंपन्यांपैकी कितीतरी तोवर बुडाल्या होत्या. नूतनीकरणाचा अर्ज करणार कोण? अर्ज राहिला आणि कॉमिक्स मोकळी झाली. मुदतीत अर्ज न भरल्यानं माणसाचं नुकसान झालेलं मी रोज बघतो, पण त्यातून जगाचा फायदा झालेला हा एकच प्रकार माझ्या पाहण्यात आहे. डिजिटल कॉमिक म्युझियम नावाच्या संग्रहात अशी हजारो पानं हौशी लोकांनी जमवून ठेवली आहेत.

टिनटिनचं गणित तर आणखी मजेचं. १९२९ सालचा पहिला टिनटिन अमेरिकेत १ जानेवारी २०२५ ला मोकळा झाला. पण त्याचा जनक एर्जे १९८३ मध्ये वारला, म्हणजे आपल्या हिशेबानं २०४३ संपेपर्यंत थांबायचं. तिकडे मोकळं म्हणून मालेगावात मोकळं, असं नाही. ‘इंटरनेटवर आहे म्हणजे फुकटच आहे’ म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. ते ऐकून घेतात आणि मोबाइल खिशात घालतात.

मोकळ्या झालेल्या त्या जुन्या अमेरिकन कॉमिक्सनी मला समीक्षा शिकवली. चित्रांची तडफ अशी की डोळा हलत नाही, आणि त्याच पानावर महायुद्धातला जपानी माणूस सुळे काढून, माकडासारखा रंगवलेला. आफ्रिकेतला माणूस फक्त भाला घेऊन पळायला. हिंदुस्थानातला कोणी आलाच तर पगडी, साप आणि खिळ्यांचं अंथरूण. हे बाकड्यावर ठेवायचं? मी ठेवलं नाही, पण फेकलंही नाही. कॉलेजात चित्रकलेकडे निघालेल्या एक-दोन पोरांना दिलं, आत चिठ्ठी लावून: ‘शाईचं काम शिकण्यासारखं. माणसं बघताना १९४२ साल लक्षात ठेव.’ ती माझी पहिली समीक्षा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, मुखपृष्ठाच्या आत सेलोटेपनं चिकटवलेली. पुढची सगळी लिखापढी मी त्याच मापात केली. त्याहून जास्त जागा मिळाली की माणूस पाल्हाळ लावतो.

छपाईबद्दल सांगायला हवं, कारण फुकट कॉमिकचं खरं रूप मशीनवर कळतं. ए-फोर कागद आडवा धरला, दोन्ही बाजूंनी छापला, मधोमध दुमडला की एका कागदाची चार पानं होतात. बत्तीस पानांच्या कॉमिकला आठ कागद. मशीनला ‘बुकलेट’ सांगितलं की पहिल्या पानाशेजारी बत्तिसावं छापून येतं. हे गणित चुकलं की खलनायक आधी मरतो आणि मग धमकी देतो. मध्ये दोन पिना मारायच्या. लांब गळ्याचा स्टेपलर नसेल तर पुठ्ठ्यावर कागद ठेवून साध्या स्टेपलरनं पिना टोचायच्या आणि मागून चमच्यानं वाकवायच्या. इथवर ठीक. खरी अडचण रंगाची. रंगीत छपाई परवडत नाही आणि काळ्या-पांढऱ्यात लाल आणि हिरवा दोघेही सारखेच करडे होतात. एका गोष्टीत पोरगी हिरव्या पानांतलं लाल फळ शोधते, आणि माझ्या छापील प्रतीत ते फळ कुणालाच सापडेना. पोरं बिचारी पान उजेडाकडे धरून बघत होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘छापू नका, मोबाइलवरच दाखवा.’ तेव्हापासून कोणतंही कॉमिक आधी करडं करून बघतो. ज्याची रेघ पक्की ते करड्यातही उभं राहतं, नुसत्या रंगावर जगणारं चिखल होतं.

आणि अक्षर! मोठ्या पानासाठी काढलेलं कॉमिक अर्ध्या ए-फोरवर आणलं की फुग्यातला मजकूर मुंगीएवढा होतो. चाळिशीतला बाप आणि तिसरीतली लेक, दोघंही सोडून देतात.

आता त्या फुकटच्या पुस्तकांकडे येऊ, जी आपण न शोधता आपल्याकडे चालत येतात. खाती, कंपन्या, संस्था कॉमिकच्या रूपात पत्रकं वाटतात आणि उरलेले गठ्ठे माझ्यासारख्याच्या दुकानात येऊन पडतात. अशी इतकी वाचली की मला त्यांची जन्मकुंडली पाठ झाली. पहिल्या पानावर गाव. दुसऱ्या पानावर गावात एक अडाणी माणूस, तो काहीतरी वाया घालवतो. तिसऱ्या पानावर पाण्याचा थेंब, विजेचा दिवा किंवा दात, पाठीला टॉवेल बांधून, हात कमरेवर ठेवून अवतरतो. मग चार पानं भाषण. शेवटच्या पानावर सरपंच, गुरुजी आणि गावकरी टाळ्या वाजवतात. बाकड्यावरच्या एका पोरानं असं एक कॉमिक परत देताना म्हटलं, ‘‘काका, यात तं नुसतं सांगूनच राह्यले, काहीच होऊन नाही राह्यलं.’’ मी तेच वाक्य चिठ्ठीवर लिहिलं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

ती चिठ्ठी, ते कॉमिक वाटणाऱ्या खात्यातल्याच एका साहेबांच्या नजरेस पडली. ते दाखल्याच्या कामाला आले होते. म्हणाले, ‘‘फुकट देऊन राह्यलो तरी नावं ठेवता?’’ मी म्हटलं, साहेब, तुम्ही फुकट दिलं, पण चित्रकाराला पैसे दिले असतील, छापखान्याला दिले असतील, कागदाला दिले असतील. ते आमच्याच करातले. उरलं पोराचं लक्ष, तेही त्यानं खर्च केलं. मग फुकट काय राहिलं? साहेब काही बोलले नाहीत. चिठ्ठी सोडवून घेतली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि दाखला घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत. गठ्ठे मात्र येतच राहिले.

उपदेशासाठी काढलेलं कॉमिक वाईटच असतं, असं मात्र माझं म्हणणं नाही. युनिसेफची मीना बघा. नव्वदच्या दशकात राम मोहन यांनी तिला रूप दिलं, आणि आपल्या शाळांत मीना-राजू मंच निघाले ते तिच्याच नावानं. तिच्या एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. ती आपला पोपट मिठू शाळेत धाडते. तो जे ऐकून येतो त्यावरून मोजायला शिकते, आणि कोंबड्या मोजताना एक कमी भरते म्हणून चोर सापडतो. मुलींना शिकवा, असं यात कोणी हात कमरेवर ठेवून सांगत नाही. मोजता आलं नसतं तर कोंबडी गेली असती, बस. रिझर्व्ह बँकेनं पैशाचे व्यवहार समजावून सांगायला राजू नावाच्या पोराची कॉमिक्स काढली, त्यातही निदान गोष्ट सांगायची धडपड दिसते. म्हणून माझ्या चिठ्ठीत दोन प्रश्न कायमचे घातले: हे कुणाच्या पैशानं निघालं, आणि त्याला जे सांगायचं आहे ते गोष्टीत घडतं की फुग्यात बोललं जातं?

तिसरा प्रश्न पोरांनी शिकवला. सुरुवातीला मी विचारायचो, ‘‘आवडलं का?’’ आपल्याकडचं पोरगं मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणत नाही. ‘हो’ म्हणतं आणि पळतं. त्या ‘हो’वर विसंबून मी काही अगदी रद्दी कॉमिक्सच्या जास्तीच्या प्रती काढल्या. मग एकदा लक्षात आलं की बाईंडिंग करायला परत आलेल्या प्रतींत सहाव्या पानापर्यंत बोटांचे डाग आहेत आणि सातव्यापासून कागद कोरा करकरीत. तेव्हापासून मी फक्त एवढंच विचारतो, ‘‘कुठं थांबला?’’ याला खोटं उत्तर देण्याचं पोराला काही कारण नसतं. ‘‘इथं,’’ म्हणून ते पान काढून दाखवतं. बहुतेक वेळा त्या पानावर फुगे चित्रापेक्षा मोठे असतात. कधी कधी पान उत्तम असतं आणि आईचा नंबर लागलेला असतो, तेही समजून घ्यावं लागतं. ज्या कॉमिकसाठी पोरगं आईचा हात सोडवून दोन मिनिटं थांबतं, त्याला मी चिठ्ठीवर लाल पेनानं टिंब देतो. टिंबवाली फार थोडी आहेत.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि शोधाचं स्वरूपच पालटलं. त्याआधी एक मोठी फाइल उतरवायला रात्री मशीन चालू ठेवून घरी जायचो. सकाळी येऊन बघावं तर वीज गेलेली आणि फाइल अर्धी. स्वस्त डेटानंतर पोरंच मला दाखवायला लागली, ‘काका, हे पाहा.’ त्यांच्या मोबाइलवर जे येतं त्यातलं बहुतेक चोरीचं आणि उरलेलं निम्मं नुसतं झगमगाटी. पण शोधायची मेहनत गेली तशी निवडायची वाढली. आधी मी आणणारा होतो, आता चाळणारा झालो. हे काम जास्त कंटाळवाणं आहे.

त्याच चाळणीत अरविंद गुप्तांनी हिंदीत आणलेली एक मालिका सापडली. झाँ-पियेर पती नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास आन्सेल्म लांतुर्लू नावाचा एक कुतूहली पोरगा घेऊन विज्ञानाची कॉमिक्स लिहिली, स्वतःच चितारली, आणि पुढे जगातल्या अनेक भाषांत ती फुकट वाटायला ठेवली. त्यातल्या भूमितीच्या पुस्तकात वाकलेल्या पृष्ठभागावरच्या त्रिकोणाचा खेळ आहे. नववीतल्या एकाला ते खोटं वाटलं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० च, गुरुजींनी सांगितलंय. मे महिना होता, दुकानात टरबूज आणून ठेवलं होतं. त्यानं मार्करनं टरबुजाच्या देठापासून मधल्या कमरेपर्यंत एक सरळ रेघ ओढली, कमरेवरून पाव घेर फिरवली आणि पुन्हा देठाकडे नेली. तिन्ही कोपरे गुण्यानं तपासले. तिन्ही काटकोन. बराच वेळ तो टरबूज हातात फिरवत बसला. मग आम्ही ते कापलं. ते कॉमिक सोपं नाही, अर्धी पानं मलाही नीट कळलेली नाहीत, आणि हिंदी अक्षरांचा टाइप बारीक आहे. हे सगळं चिठ्ठीवर आहे. लाल टिंबही आहे.

मे महिन्याचा उल्लेख निघालाच आहे तर: अमेरिकेत २००२ पासून मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी फ्री कॉमिक बुक डे पाळतात. दुकानात जायचं आणि ठरावीक कॉमिक्सपैकी एखादं फुकट घेऊन यायचं. मला वाटायचं कंपन्या उदार आहेत. वाचल्यावर कळलं, त्या खास प्रती दुकानदार स्वतःच्या पैशानं विकत घेतो. स्वस्तात मिळतात, पण फुकट नाही. फुकट फक्त गिऱ्हाइकाला. हे वाचून त्या न पाहिलेल्या दुकानदारांबद्दल मला एकदम घरचं माणूस असल्यासारखं वाटलं. आम्हीही एक वर्ष तो दिवस केला. आमच्याकडे त्या तारखेला पारा त्रेचाळिसाच्या पुढे आणि माझं छत टिनाचं. पोरं आली, पन्हं प्यायली, एकेक कॉमिक घेतलं आणि घरी जाऊन कूलरपुढे वाचलं. तेच बरोबर होतं. पुढच्या वर्षांपासून समारंभ नाही. ज्याला हवं त्यानं सकाळी नऊच्या आत यावं.

‘किशोर’बद्दल थोडक्यात लिहिणं जिवावर येतं. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ पासून चालवलेलं हे मासिक, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं स्वतःच इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले आहेत. पेनड्राइव्हवाल्या गृहस्थांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे होतं. ते निव्वळ कॉमिक नव्हे, पण चित्रकथा आहेत, आणि जुन्या अंकांतली रेखाटनं करड्या छपाईत उलट जास्त खुलतात, कारण ती मुळातच शाईच्या भरवशावर काढलेली. आमच्या इथल्या एका वाचनालयाच्या समितीला मी म्हटलं, यातल्या चित्रकथा निवडून बांधून देतो, कागदाचे पैसे तेवढे द्या. एक जाणते सभासद म्हणाले, ‘‘चित्रं बघायला वाचनालय कशाला लागतं?’’ आणि विषय चहावर गेला. मी बांधल्या, बाकड्यावर ठेवल्या. तेच सभासद पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला आले तेव्हा रांग मोठी होती. त्यांनी एक अंक उचलला, त्यांचा नंबर दोनदा पुकारावा लागला.

खरी कलाटणी मिळाली ती तांड्यावरच्या एका मुलीमुळे. प्रथम बुक्सनं सप्टेंबर २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केलं. त्यावरची चित्रपुस्तकं फुकट तर आहेतच, शिवाय त्यांचा परवाना असा की मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून कोणीही ती छापावीत, बदलावीत, दुसऱ्या भाषेत न्यावीत. मी त्यातली मराठी पुस्तकं छापून ठेवायचो, बदलण्याचा विचार डोक्यात आला नव्हता. ही मुलगी आईबरोबर बचत गटाच्या कागदांसाठी यायची. मराठी पुस्तक हातात धरून ती धाकट्या भावाला गोरमाटीत वाचून दाखवत होती, न अडखळता, जणू तसंच छापलेलं आहे. मी टाइपिंग थांबवून ऐकत बसलो. तिला म्हटलं, हे असंच सांग, मी टाइप करतो. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही, देवनागरीतच उतरवलं. ‘आई’च्या जागी ‘याडी’ आली आणि भाऊ खुदकन हसला. पुस्तकात आपल्या घरातला शब्द त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. छापून पट्ट्या कापल्या, मराठी मजकुरावर डिंकानं चिकटवल्या, पुन्हा झेरॉक्स काढली. कडांची काळी रेघ येऊ नये म्हणून पट्टीच्या काठावर व्हाइटनर. पुढच्या बाजारी तिची आजी आली आणि दोन शब्दांवर अडून बसली: हे तुमच्या शाळेतलं झालं, आपण असं म्हणत नाही. नात म्हणाली, आम्ही म्हणतो. बराच वाद झाला. शेवटी एका पानावर आजीचा शब्द ठेवला, एकावर नातीचा. त्या प्रतीवरची चिठ्ठी मी लिहिलेली नाही, आजीला विचारून नातीनं लिहिली.

त्यानंतर नुसतं आणणं-चाळणं मला पुरेना. दिल्लीच्या शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियानं भित्तिकॉमिकची एक साधी पद्धत देशभर पसरवली आहे. दोन ए-फोर कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी, विषय आपल्या गावातला, आणि झेरॉक्स काढून भिंतीवर. चित्र येत नसलं तरी चालतं. झेरॉक्सवाल्याला याहून सोयीचं कॉमिक कोणी शोधलं नसेल.

आठवीतल्या एकानं रोहीवर, म्हणजे नीलगाईवर, केलं. रोही आमच्याकडे तुरीत, सोयाबीनमध्ये घुसतात आणि शेतकरी रात्र रात्र मचाणावर जागून काढतात. त्याच्या पहिल्या चौकटीत आबा मचाणावर, दुसऱ्या चौकटीत आबा झोपलेले आणि खाली दोन रोही बोलताहेत, तिसऱ्यात अख्खा कळप, चौथ्यात सकाळ. मी चिठ्ठी लावली: ‘दुसऱ्या चौकटीत रोही फार बोलतात.’ पोरानं फुगे कमी केले, पण तोंड वाकडं करून. बाजाराच्या दिवशी ते शटरवर लावलं. लोक थांबले. एक म्हातारा म्हणाला, रोही असा कळपानं एकदम घुसत नाही, आधी एक धुऱ्यावर उभा राहून बघते. दुसरा म्हणाला, आमच्या इकडे तर सरळ घुसतेत. तिसऱ्यानं विचारलं, यात वनखात्याच्या भरपाईचा अर्ज कुठं आहे? पोरगं बाजूला उभं राहून सगळं ऐकत होतं, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत होतं. आठवड्यानं नवी आवृत्ती आली. त्यात धुऱ्यावर एकटा रोही, फुगा एकही नाही, आणि चौथ्या चौकटीत आबा माझ्या दुकानाच्या रांगेत उभे. काउंटरमागचा माणूस टकला दाखवला आहे.

मी चिठ्ठी लिहायला घेतली तर म्हणाला, ‘‘राहू द्या काका, बाजारी लोकायलेच विचारतो. तुम्ही फक्त सहा प्रती काढा.’’ आणि सहा प्रतींचे पैसे मोजून काउंटरवर ठेवले.